बोर्डिंग हाऊसमधलं रोजचं जगणं : घंटेच्या आधी आणि घंटेनंतर

मांडवीकाठ

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात शाळेतली मैत्रीण भेटली, खूप वर्षांनी. मुलीला निवासी शाळेत घालायचं घरात चाललंय म्हणाली, आणि तिथंच सुक्या मिरच्यांच्या ढिगापाशी उभी राहून विचारायला लागली, "तू असतेस ना तिथं? मग सांग, मुली दिवसभर करतात काय? आणि रात्री?" त्या 'आणि रात्री'वर तिचा आवाज खाली गेला. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हा धागा.

मी उत्तर गोव्यातल्या एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत मुलींच्या हाऊसची, म्हणजे वसतिगृहाची, हाऊस पॅरेंट आहे. यंदा अकरावं वर्ष. शाळेचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नये. हाऊसमध्ये ३२ मुली, वय ११ ते १८. माझं बिऱ्हाड त्याच इमारतीत तळमजल्यावर, जिन्याला लागून. रात्री जिन्यावर पाऊल वाजलं तर कुणाचं ते मला बहुतेक वेळा कळतं.

दिवस सहाला सुरू होतो. पोहायच्या टीममधल्या मुली त्याआधीच उठलेल्या असतात. सव्वासहाला फाटकाबाहेरून पोदेरच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों ऐकू येतो. खरं म्हणजे मुली घंटेपेक्षा त्यालाच उठतात. मग बाथरूमच्या रांगा, गिझरवरून कुरबुर, हरवलेला एक मोजा. साडेसातला मेसमध्ये नाश्ता, आठ ते साडेतीन वर्ग, मग चहा आणि खेळ. संध्याकाळी सात ते साडेआठ प्रेप, म्हणजे आपापल्या टेबलाशी बसून अभ्यास. त्या वेळात फोन माझ्या खोलीतल्या लाकडी खणांत, प्रत्येकीचा खण वेगळा. नऊला दूध किंवा फळं. धाकट्यांचे दिवे साडेनऊला, मधल्यांचे दहाला, अकरावी-बारावीच्या मुलींचे अकराला. शनिवारी दुपारनंतर मोकळीक. रविवारी हाऊससाठी त्याच्याकडून पन्नास पोई, म्हणजे गोव्याचे पाव, घेते, आणि नाश्ता आमच्याच पॅन्ट्रीत, रात्रीच्या कपड्यांतच.

हे झालं वेळापत्रक. ते शाळेच्या माहितीपत्रकातही मिळतं आणि पालक ते फार बारकाईने वाचतात. मला मात्र इतक्या वर्षांत पटलेलं आहे ते असं, की मूल वेळापत्रकात वाढत नाही, त्याच्या फटींत वाढतं. खेळ संपून प्रेप सुरू होईपर्यंतचा वेळ, दूध पिऊन दिवे जाईपर्यंतची वीस मिनिटं, कपडे वाळत घालताना. शाळा निवडायची तर त्या फटींत मुलाजवळ कोण असतं ते बघा. तलाव किती मीटरचा आहे ते नंतर.

एक प्रसंग सांगते. अजून मनातून जात नाही. आमच्याकडे सातवीत एक मुलगी होती, सासष्टी तालुक्यातली. आई-वडील दोघंही पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला. आजीचं घर शाळेपासून तासाभरावर, पण शाळेच्या फाईलीत ही पोर परदेशी नागरिक. आई गोदामात कामाला. संध्याकाळी पाचला पाळी सुटली की रविवारी तिथूनच फोन करायची. आपल्याकडे तेव्हा साडेनऊ. ही पोर सव्वानऊपासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून असायची. पावणेदहाला फोन परत खणात ठेवायचा, हा नियम.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. साडेनऊ झाले, फोन नाही. नऊ चाळीस झाले. ती काही बोलली नाही, फक्त पडदा पुन्हा पुन्हा पेटवून बघत होती. पावणेदहाला मी म्हटलं, "बाय, आज आईला काम असेल, उद्या बघू," आणि फोन घेतला. तिने दिला. साडेदहाला माझ्या खोलीत खणातून फोन थरथरायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे जातात. आईने पाचलाच फोन केला होता. उन्हाळ्यात तिथले पाच म्हणजे आपले साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा.

मी धावत वर गेले. पोर झोपली होती. उशी ओली होती. उठवलं नाही. उठवायला हवं होतं, असं आज वाटतं.

तेव्हापासून माझ्या टेबलावरच्या कालनिर्णयात दोन तारखांना लाल गोल असतो : ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि मार्चचा शेवटचा रविवार. शिवाय कुणाचे आई-बाप कुठल्या देशात आणि तिथं किती वाजले, याचा तक्ता भिंतीवर. जपान आणि कोरिया साडेतीन तास पुढे, मॉस्को अडीच तास मागे, नायजेरिया साडेचार मागे. या देशांत घड्याळं हलवत नाहीत, तेवढाच दिलासा.

विचारा काय विचारायचं ते. रात्री अकरानंतर उत्तर देईन.

आबोली

ताई, अगदी वेळेवर आला धागा. आम्हीही याच विचारात आहोत, लेक सहावीत आहे. मूल रुळायला किती दिवस लागतात? पहिले पंधरा दिवस फोन करू नका असं एका शाळेत सांगितलं, ते बरोबर आहे का? आणि सामानाची यादी तीन पानी आहे, त्यातलं खरं लागतं काय?

मांडवीकाठ

आबोली, पहिला आठवडा सहलीसारखा जातो. पालकांना वाटतं, पोरगी किती शहाणी, रडलीसुद्धा नाही. खरी ओढ लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा नवेपण सरतं आणि कळतं की आता हेच आहे. दुसरी वेळ पहिल्या सुट्टीहून परतल्यावर. ती पहिल्यापेक्षा अवघड, कारण आता काय मागे सोडलंय ते माहीत असतं. तेव्हा तयारी त्या दोन वेळांची ठेवा.

फोन अजिबात नको, हे मला पटत नाही. पण रोज रात्री झोपायच्या आधीही नको. दिवसभर हसत-खेळत असलेलं मूल साडेनऊला आईचा आवाज ऐकून विरघळतं, आणि मग आई तिकडे रात्रभर जागी. दुपारच्या चहानंतर करा. मुलीचे केस वाऱ्यावर असतात, अंगात खेळ असतो, दोन मिनिटं बोलून पळते. तेवढं पुरतं.

सामान : आमची शाळा सुरू होते ती भर पावसात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ठिकाणी ऑगस्टमध्ये ३२ मुलींचे कपडे वाळवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम आहे, यात जराही अतिशयोक्ती नाही. जाड जीन्स तीन दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास मारते. पातळ सुती कपडे जास्त द्या. बुटांचे दोन जोड हवेतच, चामड्याचे नकोत, आठवड्यात हिरवी बुरशी चढते. रोज रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला मी पहिल्याच दिवशी शिकवते. रशियातून आलेल्या पोरींना हे आधीच येत असतं, बर्फामुळे. प्रत्येक कपड्यावर नाव शिवून द्या, पेनाने लिहिलेलं चार धुण्यांत जातं.

आणि चादर नवी नको. घरात वापरलेली, मऊ झालेली, तुमच्या कपाटाचा वास असलेली द्या. यादीत 'नवी' लिहिलेलं असलं तरी.

डिचोलीचा

मी घाटमाथ्यावरच्या एका बोर्डिंगमध्ये पाचवी ते दहावी काढली. नाव नको. आज पन्नाशीला आलोय आणि हे पहिल्यांदा लिहितोय.

पहिल्या वर्षी मी रात्री अंथरूण ओलं करायचो. दहा वर्षांचा होतो. तिथल्या वॉर्डनने सकाळी माझी गादी मैदानाच्या बाजूच्या कठड्यावर टाकायला लावली. सगळी शाळा प्रार्थनेला तिथूनच जायची. त्यावर ऊन पडायचं आणि डागाची कड दिसायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या मुलाला निवासी शाळेत पाठवायचा विषय घरात निघाला तेव्हा मी एका शब्दात नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही.

ताई, तुमच्याकडे अशा मुलाचं काय करतात?

मांडवीकाठ

दादा, लिहिलंत हे बरं केलंत.

आमच्याकडे दरवर्षी एक-दोन तरी असतात. कधी बारा-तेरा वर्षांच्यासुद्धा. घरी कधीच होत नव्हतं आणि इथे आल्यावर सुरू झालं, असंही होतं. आम्ही धाकट्यांच्या सगळ्याच गाद्यांवर पहिल्या दिवसापासून पाणी न झिरपणारं खोळ घालतो. एकीलाच घातलं तर ते दिसतं, सगळ्यांनाच असलं तर काही नाही. त्या मुलीला खालच्या मजल्यावर, बाथरूमजवळचा पलंग. मी झोपायला जाताना साडेअकराला तिला उठवून नेते. अर्धी झोपेतच असते, सकाळी तिला आठवतही नाही. तरीही झालं तर पहाटे पाचला मी स्वतः चादर बदलते आणि माझ्या घरच्या मशीनला लावते. शाळेच्या धोबीखान्यात पाठवत नाही, कारण तिथून पिशव्या खोलीनंबराने परत येतात आणि मुली मोजतात. पलंगाशेजारी तशाच रंगाची एक जादा चादर घडी करून ठेवलेली असते. मुलीशी मी फक्त एकदा बोलते, तेही चालता चालता. पुन्हा विषय काढत नाही.

आई-वडिलांना कळवते आणि डॉक्टरांना दाखवते, कारण कधी कधी लघवीचा जंतुसंसर्ग असतो, कधी बद्धकोष्ठ. मुलाच्या हट्टाशी त्याचा काही संबंध नसतो. तुमच्या गादीचा रंग आणि ती कड मला आता दिसत राहील.

वाचणारा_मास्तर

डिचोलीचा, तुम्हाला नमस्कार.

विषय जरा बदलतो, राग नसावा. 'हाऊस' हा शब्द कुठून आला ते विचारणाऱ्या दोन-तीन खाजगी चिठ्ठ्या आल्या. जुन्या इंग्रजी निवासी शाळांत मुलं एका मोठ्या इमारतीत राहत नसत, शिक्षकांच्या किंवा मालकिणींच्या वेगवेगळ्या घरांत राहत. त्या घराचं नाव, त्याचा मास्तर, त्याची खेळाची टीम. आपल्याकडच्या साध्या शाळांत त्यातलं घर गळून पडलं आणि फक्त लाल-हिरवे-पिवळे गट उरले. निवासी शाळेत मात्र ते अजून खरोखरचं घर असतं.

भारतात हा प्रकार जुना आहे. सनावरची लॉरेन्स शाळा १८४७ची, मसुरीची वुडस्टॉक १८५४ची, कोडाईकनालची १९०१ची. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, १९६८मध्ये जिनिव्हात सुरू झालं ते मुळात देशोदेशी फिरणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी, आज इथे उद्या तिथे अशा मुलांना एकच परीक्षा देऊन कुठल्याही देशातल्या विद्यापीठात जाता यावं म्हणून. कोडाईने ते १९७६मध्ये घेतलं. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याजवळ पौडच्या बाजूचं महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज, १९९७चं. त्या मालिकेतलं पहिलं कॉलेज वेल्समध्ये समुद्रकाठच्या एका किल्ल्यात १९६२ला उघडलं. शीतयुद्धाचे दिवस होते, वेगवेगळ्या बाजूंची मुलं एका छपराखाली राहिली तर काही बदलेल, अशी त्यामागे कल्पना होती. शिकवण्यापेक्षा एकत्र राहण्यावर भर होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तिसवाडी

मास्तर, गोंयकाराला एका छपराखाली राहणं काही नवीन नाही. मुंबईत धोबीतलावला, माझगावला गोव्याच्या गावागावांच्या कुडी होत्या, काही अजून आहेत. बोटीवर जाणारे तारवटी जहाज मिळेपर्यंत आपल्या गावाच्या कुडीत राहायचे. भिंतीला लागून पेट्या, जमिनीवर चटई, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी तेर्स, म्हणजे रोझरी. प्रार्थनेला सगळ्यांनी हजर राहायचं. आमच्या शेजारचे आजोबा सांगायचे की नवीन पोऱ्याला पहिल्या रात्री कुणीतरी आपल्या गावातलाच माणूस शेजारी चटई टाकून झोपायचा. आणि पोर्तुगीज काळात आपल्यातली किती मुलं शिकायला बेळगाव-धारवाड-मुंबईला जाऊन नातेवाइकांकडे राहिली! माझे आजोबा बेळगावला मामाच्या घरी माळ्यावर राहून मॅट्रिक झाले. फीचा आकडा सोडला तर फरक कशात आहे?

तुळशीकट्टा

फरक आहे. मामाच्या माळ्यावर मामी होती. माझं स्पष्ट मत लिहिते, कुणाला लागलं तर माफ करा.

अकरा वर्षांचं मूल घरापासून तोडणं मला पटत नाही, हाऊस कितीही चांगलं असलं तरी. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधताना कुणी खुर्ची धरायची, कुणी कवंडळं-सुपारीचे घोस वर द्यायचे, हे मूल बघून शिकतं. नरकासुराला रात्रभर जागायचं, पहाटे कारीट फोडून अभ्यंग. हे इंग्रजीत शिकवता येत नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा सहा वर्षं अशा शाळेत राहिला. आता आजीशी बोलताना अडखळतो. आजी सत्तरी तालुक्यातल्या खेड्यातली, तिला मराठी आणि कोकणी सोडून काही येत नाही. तो तिला 'हाय' म्हणतो आणि गप्प बसतो. ती बिचारी त्याच्या हातावर लाडू ठेवते. दोघांमध्ये तेवढंच उरलंय.

लाटेवरचं_घर

तुळशीकट्टा, तुमचं दुःख कळलं. पण 'तोडणं' हा शब्द लागला.

माझे यजमान मालवाहू बोटीवर, नऊ महिन्यांचं कंत्राट. मी कुवेतला नर्स. सासूबाई होत्या तोवर मुलगा घरी होता. त्या गेल्या, तेव्हा तो बारा वर्षांचा. माझ्यासमोर तीन वाटा होत्या : नोकरी सोडणं, त्याला कुवेतला नेऊन दोन खोल्यांत बारा तास एकटं ठेवणं, किंवा बोर्डिंग. घराचं कर्ज चालू होतं. मी बोर्डिंग निवडलं. पहिल्या दिवशी त्याच्या कपाटात कपडे लावताना त्याने मला बाहेर काढलं, 'मी लावतो' म्हणाला. मी गाडीत येऊन पदर तोंडावर धरून रडले. आज तो अकरावीत आहे, स्वतःचं बटण स्वतः शिवतो, आणि मी सुट्टीवर आले की मला चहा करून देतो. त्याच्या आयुष्यातून काय गेलं ते मला माहीत आहे. रोज माहीत असतं.

मांडवीकाठ

दोघींचंही वाचलं. दोनदा वाचलं.

तुळशीकट्टा, भाषेचं तुमचं बरोबर आहे आणि तो शाळांचा खरा दोष आहे. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी हवीच, नाहीतर ज्या एकट्या मुलीची भाषा कुणालाच येत नाही ती एकटी पडते. पण मुलींची स्वतःची भाषा कुठे जाते हे मी रात्री बघते. त्या झोपेत आपापल्या भाषेत बोलतात. दोन वर्षांपूर्वी एका रशियन मुलीला १०३ ताप होता. इंग्रजी उत्तम बोलणारी पोर, वादविवादात बक्षिसं घेतलेली. तापात तिची सगळी इंग्रजी गळून गेली, फक्त रशियन उरली. डॉक्टर येऊन गेले होते. मी रात्रभर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते आणि तिला मराठीतच सांगत होते, "आता उतरेल हां, बाय, थोडं पाणी घे." ती रशियनमध्ये उत्तर देत होती. पहाटे ताप उतरला.

म्हणून आता मी एक करते. ज्यांचे आजी-आजोबा इंग्रजी वाचत नाहीत, त्यांच्याकडून महिन्यातून एक पत्र हाताने लिहून घेते. मराठीच्या मुली माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ मी सांगते. पोस्टाचं तिकीट माझं. पालकांनी शाळेकडे मागणीही करायला हवी. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी, मातृभाषेतलं साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः वाचून परीक्षेला बसायची सोय असते. फार थोडे पालक ती मागतात.

चवथीचं सांगते. तेव्हा गोव्याच्या मुली घरी जातात आणि मागे आठ-दहा परदेशी पोरी उरतात. त्या चार दिवसांत हाऊस इतकं शांत होतं की पंख्याचा आवाज मोठा वाटतो. पूर्वी मी सुट्टी घेऊन पेडण्याला घरी जायची. गेली सहा वर्षं, पालकांची लेखी परवानगी घेऊन, उरलेल्या मुलींना घरी घेऊन जाते. माझे दीर माटोळी बांधतात, मुली वस्तू वर देतात. कोरियाची एक मुलगी म्हणाली की त्यांच्याकडेही त्याच सुमाराला पौर्णिमेचा सण असतो आणि पूर्वजांसमोर नवीन पिकातली फळं मांडतात. माझ्या सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी त्या मुलीला जवळ बसवून तोरिंग सोलून दिलं.

आणि पेज. उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीतलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. एका जपानी मुलीचं पोट बिघडलं होतं. तीन दिवस मेसमधलं काही पोटात टिकेना. मी घरची पेज नेली, त्यात तोराचा एक तुकडा. तिने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्याकडे आजारी माणसाला 'ओकायू' देतात, तांदळाची पातळ पेजच, आणि त्यात मिठात घातलेलं आंबट फळ. तिने चमच्याने तोर दाबून पेजेत कालवलं, अगदी माझी आई कालवायची तसं, आणि वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी कोरियाची पोर विचारायला आली, आमचं 'जुक' तुम्ही तिला दिलंत का? तेव्हापासून आजारी मुलीसाठी पेज माझ्या घरून जाते. मेसच्या आचाऱ्यांना आधी राग आला होता, आता तेच तांदूळ काढून ठेवतात.

सध्या_बारावीत

मी दुसऱ्या एका शाळेच्या बोर्डिंगमध्ये आहे, चौथं वर्ष. मोठ्यांचं सगळं वाचलं, आमच्या बाजूने थोडं लिहितो.

सगळ्यात जास्त त्रास घराच्या आठवणीचा नसतो. एकटं राहायला जागा नसते, त्याचा असतो. चार पलंगांच्या खोलीत रडायचं असेल तर बाथरूम, आणि बाहेर रांग. आमच्या हाऊसमध्ये पाण्याच्या टाकीमागे एक पायरी आहे. सगळ्यांना माहीत आहे की तिथं कुणी बसलेलं असलं तर जायचं नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो सगळे पाळतात. आमच्या सरांनाही ती जागा माहीत आहे आणि ते मुद्दाम दुसऱ्या बाजूने जातात. मला त्यासाठी ते आवडतात.

दुसरं, शेवटच्या वर्षी काम फार असतं. सहा विषय, चार हजार शब्दांचा निबंध, शिवाय खेळ आणि सेवेचे तास. आम्ही ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलायला जातो, मोरजीला कासवांच्या घरट्यांची माहिती घेतली. मजा येते. पण रात्री दीडला शेजारच्या पलंगावरचा नायजेरियन मित्र न बोलता अर्धं चॉकलेट पुढे करतो ना, ते लक्षात राहील. त्याला माझ्या आईच्या हातच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, हव्या असतात, म्हणून आई आता दिवाळीला दोन डबे पाठवते.

मांडवीकाठ

बाबा, तुझी ती पायरी वाचून मी आज हाऊसभर फिरले. आमच्याकडे गच्चीच्या जिन्याचं वरचं वळण आहे. तिथला दिवा मी गेल्या महिन्यात दुरुस्त करून घेतला होता, सुरक्षेसाठी, फार प्रखर लावला इलेक्ट्रिशियनने. आता तो काढून कमी उजेडाचा लावायला सांगितलाय. जागा माझ्या नजरेत राहील, पण तिथं बसणारीचा चेहरा दिसणार नाही इतपत.

आबोली

काल शाळा बघून आलो. तलाव, लायब्ररी, सगळं दाखवलं. मी विचारलं, दूध प्यायल्यापासून दिवे जाईपर्यंत इथे कोण असतं? दाखवणाऱ्या बाई जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, चला, तिलाच भेटवते. हाऊसच्या बाई कपड्यांच्या दोरीपाशी होत्या. लेकीने त्यांना विचारलं, माझी मांजराची उशी चालेल का? त्यांनी विचारलं, मांजराचं नाव काय? पंधरा मिनिटं दोघी मांजरावर बोलत होत्या. निर्णय अजून झालेला नाही, पण ती रात्री नीट झोपली.

दूरदेशी

मी रोज वाचते, कधी लिहीत नाही. मीही स्विंडनमध्येच असते, ताईंनी लिहिलेली ती आई नव्हे. माझा मुलगा गोव्यात बोर्डिंगला आहे, आठवीत. मीही रविवारी पाचला, कामावरून सुटल्यावर फोन करते.

घड्याळ मागे जातं त्या रविवारी आम्ही इथे तासभर जास्त झोपतो, आणि कामावर सगळे त्याच आनंदात असतात. तिकडे तो तास कुणीतरी बसून काढतं, हे मला पाच वर्षांत एकदाही सुचलं नाही. गेल्या वर्षी त्या रात्री तो फोनवर आलाच नव्हता, मला वाटलं रागावलाय. मी त्याला दुसऱ्या दिवशी त्यावरून बोलले होते. आज त्याला विचारलं. म्हणाला, 'मी वाट बघितली होती, मग सरांनी फोन ठेवायला सांगितला. तू चिडलीस म्हणून काही बोललो नाही.'

या रविवारी चारला काम थांबवून फोन करू देतील का, ते सुपरवायझरला विचारणार आहे.

मांडवीकाठ

ताई, चारला नाही जमलं तरी हरकत नाही. त्याच्या हाऊसच्या सरांना आजच दोन ओळी पाठवा : 'या रविवारपासून मार्चअखेरपर्यंत माझा फोन साडेनऊऐवजी साडेदहाला येईल, त्याचा फोन तेवढा वेळ त्याच्याकडे असू द्या.' देश आणि तारीख नक्की लिहा. आणि मुलालाही स्वतः सांगा, सरांकडून कळायला नको.

आमच्याकडे या वर्षी इंग्लंडच्या तीन मुली आहेत. तिघींना काल जेवताना सांगितलं. सर्वांत धाकटी विचारते, साडेदहापर्यंत मी जागी राहिले नाही तर? तिला म्हटलं, झोप खुशाल, मी उठवीन. तरी तिने हाताच्या तळव्यावर पेनाने '१०.३०' लिहून ठेवलंय आणि दोन दिवस तो हात नीट धुतलेला नाही.

परतीचा पाऊस अजून रोज संध्याकाळी गडगडतोय, वीज जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आज पाणी घातलं आणि वायफायचा डबा त्यावर जोडून घेतला.

मांडवीकाठ

रविवार, रात्री ११.२०. वीज दहाला गेली, पण वायफाय चालू राहिलं. दोघींचे फोन वेळेवर आले. धाकटी जिन्यातच भिंतीला टेकून झोपली होती. १०.३४ला फोन वाजला, तिला उठवलं. दहा मिनिटं बोलली. आईला सांगत होती की मी जागीच होते.

दूरदेशी

चारला सोडलं नाही. पाचलाच केला. तो फोनवर होता.